शस्त्र उचलण्याची विद्या आणि न उचलण्याची : क्रीडा-अस्थिशल्यविद्येतील अधिछात्र-शिक्षणाचा इतिहास

१

एखाद्या विद्येतील शोधांचा कालानुक्रम लावणे हे तुलनेने सुकर काम असते. ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हे सांगणे मात्र अवघड असते; कारण शोधांची नोंद ग्रंथांत राहते, हस्तकौशल्याची राहत नाही. शल्यविद्येच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे प्रत्यक्ष सराव या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर छेदनाचा अभ्यास करावा असे तेथे सांगितले असून, पुष्कळ शास्त्र ऐकलेला पण योग्या न केलेला शिष्य प्रत्यक्ष कर्माला अपात्रच ठरविला आहे. म्हणजे शल्यशिक्षणाचा मूळ प्रश्न प्राचीन काळीही तोच होता : ग्रंथ संपतो तेथून पुढे शिष्याला कोणी, कोठे आणि किती काळ शिकवावे?

आधुनिक काळात या प्रश्नाला एक व्यवस्थित उत्तर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मिळाले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि तेथे विल्यम हॉल्स्टेड यांनी निवासी वैद्यांची पद्धती घडविली. तरुण शल्यज्ञाने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या हाताखाली काम करावे आणि जबाबदारी पायरीपायरीने अंगावर घ्यावी, हे तिचे सूत्र होते. १९०४ मध्ये येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात हॉल्स्टेड यांनी या पद्धतीचे सविस्तर समर्थन केले. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील शल्यगृहे त्यांनी स्वतः पाहिलेली होती व तेथील शिस्तीचा त्यांच्या विचारांवर परिणाम झालेला होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या निवासी शिक्षणाच्याही पुढे आणखी एक पायरी निर्माण झाली. रुग्णालयांच्या व्यवहारात तिला 'फेलोशिप' म्हणतात; विद्यापीठीय परिभाषेत 'अधिछात्रवृत्ती' हा शब्द रूढ आहे. अमेरिकेत अस्थिशल्यविद्येचे पाच वर्षांचे निवासी शिक्षण पूर्ण केलेला शल्यज्ञ क्रीडाजन्य दुखापतींच्या विशेष अभ्यासासाठी आणखी एक वर्ष एखाद्या केंद्रात घालवितो. पाच वर्षांत जे साधले नाही ते या एका वर्षात कसे साधावे, आणि हे वर्ष मुळात निर्माणच का झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या इतिहासाचे परीक्षण केले असता असे दिसते की, अधिछात्र-शिक्षणाला दोन स्वतंत्र उगम आहेत. एक उगम उपकरणात आहे, दुसरा क्रीडांगणात. पहिल्याने शस्त्र कसे चालवावे हे शिकविले; दुसऱ्याने ते केव्हा चालवावे व केव्हा चालवू नये हे शिकविले. या दोन प्रवाहांपैकी कोणता परीक्षेत मोजता आला आणि कोणता मोजता आला नाही, यावर पुढील बराचसा इतिहास अवलंबून आहे.

२

प्रथम उपकरणाचा प्रवाह पाहू. टोकियो येथील केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची नळी एका शवाच्या गुडघ्यात घालून सांध्याचा अंतर्भाग पाहिला. गुडघ्याचा क्षय हा त्या काळी जपानमध्ये मोठा प्रश्न होता, आणि सांधा पूर्ण न उघडता रोगाची अवस्था पाहता यावी हा त्यांचा हेतू होता. स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन बिर्शर यांनी १९२१ मध्ये रुग्णांच्या गुडघ्यांचे असेच अवलोकन प्रसिद्ध केले. न्यू यॉर्कचे मायकेल बर्मन यांनी अनेक सांध्यांच्या प्रत्यक्ष दर्शनाविषयीचा आपला अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे १९३१ पर्यंत तीन खंडांत ही कल्पना माहीत झालेली होती.

तथापि युरोप व अमेरिका येथे ती लवकरच मागे पडली. बिर्शर यांनी स्वतःच ती पद्धती सोडून दिली. उपकरणे जाड होती, प्रकाश अपुरा होता, ही कारणे खरीच. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण विचारात घ्यावे लागते. या प्रयत्नांमागे शिष्यपरंपरा उभी राहिली नाही. लेख छापले गेले, पण लेख वाचून कोणाला सांध्यात नळी घालून तेथील अंधुक आकृतींचा अर्थ लावता येत नव्हता. डोळ्याने काय पाहावे हे दुसऱ्याच्या डोळ्याशेजारी बसूनच शिकावे लागते.

टोकियोमध्ये ही परंपरा टिकली. ताकागी यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी उपकरणात एकामागून एक सुधारणा केल्या, १९५७ मध्ये सांध्यांच्या अंतर्दर्शनाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'क्रमांक २१' म्हणून प्रसिद्ध असलेला संधिदर्शक सिद्ध केला. उपकरणाच्या नावातील हा आकडाच त्यामागील चिकाटीची साक्ष देतो. ४ मे १९६२ रोजी वातानाबे यांनी संधिदर्शकाच्या साहाय्याने गुडघ्यातील फाटलेल्या अर्धचंद्राकृती कूर्चेचा भाग काढून टाकला. कूर्चेवर या पद्धतीने केलेली ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. रुग्ण सतरा वर्षांचा मुलगा होता. बास्केटबॉल खेळताना त्याचा गुडघा मुरगळला होता. काही आठवड्यांतच तो पुन्हा खेळू लागला. क्षयरोगासाठी जन्मलेले उपकरण अशा रीतीने खेळाडूच्या गुडघ्यापाशी येऊन पोचले.

हे ज्ञान जपानबाहेर गेले ते मुख्यतः एका प्रवासी अधिछात्रामुळे. टोरंटोचे तरुण शल्यज्ञ रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये टोकियोस आले. त्याच वर्षी तेथे ऑलिंपिक सामने होते व जॅक्सन कॅनडाच्या पथकाचे वैद्य म्हणूनही काम पाहत होते. वातानाबे यांच्या शल्यगृहात ते नियमितपणे जाऊ लागले. मोबदल्यात ते वातानाबे यांना इंग्रजी शिकवीत. परत जाताना त्यांनी 'क्रमांक २१' सोबत नेला. १९७२ मध्ये गुडघ्याच्या २०० सलग संधिदर्शनांचे विश्लेषण त्यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. याच सुमारास केंब्रिजचे डेव्हिड डँडी टोरंटोत त्यांच्यापाशी अधिछात्र म्हणून राहिले. १९७६ मध्ये जॅक्सन व डँडी यांचा गुडघ्याच्या संधिदर्शनावरील ग्रंथ निघाला, आणि १९८० मध्ये डँडी यांनी इंग्लंडमध्ये संधिदर्शकाच्या साहाय्याने गुडघ्याच्या पुढील क्रूसाकार अस्थिबंधाची पुनर्रचना केली.

ताकागी, वातानाबे, जॅक्सन, डँडी : ही चार नावांची साखळी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यातील प्रत्येक कडी ही गुरूच्या शेजारी घालविलेल्या महिन्यांची आहे. १९७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे संधिदर्शनाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व वातानाबे तिचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा जगाने मान्य केले ते एका उपकरणाचे महत्त्व आणि त्याचबरोबर एका शिष्यपरंपरेचेही.

३

दुसरा प्रवाह अमेरिकेच्या क्रीडांगणावरून आला. ओक्लाहोमाचे डॉन ओ'डोनोह्यू हे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे वैद्य होते. गुडघ्याच्या मोठ्या अस्थिबंधांच्या ताज्या दुखापतींवर त्वरित शस्त्रक्रिया करावी, हे प्रतिपादन त्यांनी १९५० मध्ये केले. १९६२ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींवरील त्यांचा ग्रंथ निघाला. जॉर्जिया राज्यातील कोलंबस येथे जॅक ह्यूस्टन यांनी १९४९ मध्ये आपले चिकित्सालय सुरू केले. शाळकरी मुलांचे सामने मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणे हा त्यांच्या कामाचा नित्य भाग होता. लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट कर्लन व फ्रँक जोब यांनी १९६५ मध्ये एकत्र चिकित्सालय काढले. तेथे व्यावसायिक बेसबॉलपटू येत.

या चिकित्सालयांतून अधिछात्र राहू लागले. प्रारंभी त्यांच्यासाठी अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, पदवीही नव्हती. अधिछात्राने गुरूबरोबर सकाळी रुग्ण तपासावे, दुपारी शल्यगृहात उभे राहावे आणि संध्याकाळी मैदानावर जावे, एवढीच रीत. मैदानावर मिळणारे शिक्षण हे या जीवनक्रमाचे वैशिष्ट्य होते. रुग्णालयात आलेला गुडघा सुजलेला व आखडलेला असतो. दुखापत झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत, स्नायू आखडण्यापूर्वी, तो तपासला तर अस्थिबंध तुटला आहे की नाही हे हाताला अधिक स्पष्ट कळते. शिवाय दुखापत कशी झाली हे प्रत्यक्ष पाहिलेले असते. हे ज्ञान रुग्णालयातील निवासी शिक्षणात सहसा मिळत नाही.

या प्रवाहालाही प्रवासाची जोड होती. जेम्स अँड्र्यूज यांनी निवासी शिक्षणानंतर १९७१ मध्ये व्हर्जिनियात, आणि १९७२ मध्ये फ्रान्समधील लियों येथे गुडघ्याचे ख्यातनाम शल्यज्ञ आल्बेर त्रिया यांच्यापाशी अधिछात्र म्हणून काम केले. पुढे ते ह्यूस्टन यांचे सहकारी झाले व नंतर अलाबामातील बर्मिंगहॅम येथे गेले. तेथे १९८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने क्रीडावैद्यकाची संशोधनसंस्था स्थापन झाली.

मैदानाच्या शाळेतील शिकवण कशी होती याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जुलै १९७४ मध्ये टॉमी जॉन या गोलंदाजाच्या डाव्या कोपराचा आतील अस्थिबंध तुटला. अशा दुखापतीनंतर गोलंदाजाची कारकीर्द संपते असेच तोवर मानले जाई. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी जोब यांनी त्यांच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून ती डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसविली. यशाची शक्यता शंभरात एक आहे, असे त्यांनी खेळाडूला सांगितले होते. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. या कथेतील शस्त्रक्रियेचा भाग सर्वांना ठाऊक आहे. तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग असा की, हा रुग्ण खरोखर बरा होतो की नाही हे पाहण्यासाठी जोब सुमारे दोन वर्षे थांबले. तोवर त्यांनी ही शस्त्रक्रिया दुसऱ्या कोणावर केली नाही. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६ खेळाडूंची नोंद असून त्यांपैकी १० जण पूर्वीच्या पातळीवर परतल्याचे सांगितले होते. उरलेल्या सहांची नोंदही त्यात आहे. जोब यांच्या अधिछात्रांना जसा हा हात पाहायला मिळाला, तसाच हा संयमही पाहायला मिळाला.

४

१९७२ मध्ये अमेरिकेत क्रीडावैद्यकाची अस्थिशल्यज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. ओ'डोनोह्यू व ह्यूस्टन हे तिच्या संस्थापकांपैकी होत. त्याच वर्षी या विषयाचे नियतकालिक निघाले. ह्यूस्टन त्याचे पहिले संपादक. १९८० नंतरच्या दशकात अमेरिका व युरोप यांच्यामध्ये निवडक तरुण शल्यज्ञांना केंद्राकेंद्रांतून फिरविणाऱ्या प्रवासी अधिछात्रवृत्त्या सुरू झाल्या. या कल्पनेला आधार होता : अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्या अस्थिशल्यज्ञांची अशीच एक देवाणघेवाण १९४८ पासून चालू होती.

अधिछात्रांची संख्या वाढली तशी व्यवस्थेची गरज भासू लागली. प्रत्येक चिकित्सालयाची रीत निराळी होती. एखाद्या ठिकाणी अधिछात्राला खरोखर शिकविले जाई, तर एखाद्या ठिकाणी त्याच्याकडून केवळ मदतनिसाचे काम करून घेतले जाण्याचा धोका असे. या विषमतेवर उपाय म्हणून पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाला मान्यता देणाऱ्या मंडळाच्या कक्षेत ही केंद्रे येऊ लागली. कालावधी, शिक्षकांची पात्रता, शस्त्रक्रियांचा अनुभव, मैदानावरील काम, संशोधन यांचे नियम झाले. २००३ मध्ये क्रीडा-अस्थिशल्यविद्येच्या विशेष प्रमाणपत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली व २००७ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. प्रारंभीची काही वर्षे अनुभवी शल्यज्ञांना अधिछात्रवृत्तीशिवायही या परीक्षेस बसता येत असे. त्यानंतर मान्यताप्राप्त केंद्रातील एक वर्ष आवश्यक ठरले. गुरुगृहाचे परीक्षामंडपात रूपांतर झाले ते अशा क्रमाने.

या रूपांतराचे लाभ नाकारता येणार नाहीत. गुरूची मर्जी हा प्रवेशाचा एकमेव आधार राहिला नाही. रुग्णाला आपल्या शल्यज्ञाने काय शिकले आहे हे कळण्याचा मार्ग झाला. तथापि नियमांचा एक स्वभाव असतो : जे मोजता येते तेच ते प्रथम मोजतात. अधिछात्राने किती शस्त्रक्रिया केल्या याची यादी करता येते. किती शस्त्रक्रिया त्याने विचारपूर्वक टाळल्या याची यादी करणे फार कठीण आहे.

५

या उणिवेची जाणीव एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तीव्रतेने झाली. २००२ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात ब्रूस मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या संधिवाताचे १८० रुग्ण त्यात होते. काहींचा सांधा संधिदर्शकाने साफ केला गेला, काहींचा केवळ धुतला गेला, आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला गेला. दोन वर्षांच्या अवधीत पहिल्या दोन गटांची स्थिती तिसऱ्याहून चांगली आढळली नाही. मोझली हे स्वतः क्रीडाशल्यज्ञ असून एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे वैद्य होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टीका बाहेरून आलेली नव्हती. ती घरातूनच आली होती.

२०१० मध्ये स्वीडनमधील एका प्रयोगात क्रूसाकार अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. ५९ जणांच्या दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार देऊन, गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या परिणामांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय अंतर दिसले नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधून १४६ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. झिजेमुळे फाटलेली कूर्चा काढणे हे शस्त्रक्रियेच्या देखाव्याहून अधिक गुणकारी ठरले नाही.

या प्रयोगांवरून क्रीडाशल्यविद्या निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सतरा वर्षांच्या मुलाचा मुरगळून फाटलेला गुडघा आणि पन्नाशीच्या माणसाचा झिजलेला गुडघा या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वीडनमधील ज्या २३ जणांना शस्त्रक्रिया लागली, त्यांना ती लागलीच. प्रयोगांचा खरा बोध निवडीविषयी आहे. उपकरण जितक्या वेगाने हातोहाती गेले, तितक्या वेगाने ते कोणासाठी वापरावे हा विवेक गेला नाही. वातानाबे यांची नळी आठ-दहा महिन्यांत शिकता येते. जोब यांची दोन वर्षांची प्रतीक्षा शिकण्यास अधिक काळ लागतो.

यावर अधिछात्र-केंद्रांतूनच एक उत्तर निघाले, हेही नमूद केले पाहिजे. बर्मिंगहॅमच्या संस्थेत कोपराच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या वाढू लागली, तेव्हा तेथील संशोधकांनी मुले किती चेंडू फेकतात याचा अभ्यास हाती घेतला. अशा अभ्यासांच्या आधारे अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून गोलंदाजांच्या चेंडूंवर संख्येची मर्यादा घातली. शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या संस्थेने शस्त्रक्रिया टाळण्याचा नियम घडविण्यास हातभार लावावा, ही या इतिहासातील एक समाधानाची घटना होय.

६

भारतातील परिस्थितीचा विचार करताना आधीची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. अस्थिशल्यविद्येचे उच्च शिक्षण घेण्यासाठी मुंबईसह सर्व भारतातील शल्यज्ञ दीर्घकाळ इंग्लंडला, विशेषतः लिव्हरपूल विद्यापीठाच्या एम्. सीएच्. पदवीसाठी जात. भारतीय अस्थिशल्यज्ञांची संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली. क्रीडाप्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था १९६१ मध्ये पतियाळा येथे सुरू झाली. अस्थिशल्यविद्या आणि क्रीडा या दोन गोष्टी तेव्हा निरनिराळ्या वाटांनी चालल्या होत्या. १९७५ मध्ये स्थापन होऊन १९८२ मध्ये स्वायत्त झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने पुढे विविध विशेष शाखांच्या अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. क्रीडावैद्यकाचा अभ्यासक्रम त्यांपैकी एक आहे. २०१० मध्ये, राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात क्रीडाजन्य दुखापतींचे स्वतंत्र केंद्र उघडले गेले.

तरीही प्रश्न शिल्लक राहतो तो पोहोचीचा. २००५ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली ती लंडनमध्ये. त्या पातळीच्या खेळाडूला जगातील कोणतेही शल्यगृह जवळ असते. परंतु महाराष्ट्राचे स्वतःचे खेळ पाहिले तर निराळे चित्र दिसते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू धावता धावता एका पायावर वळतो आणि त्याच क्षणी त्याच्या घोट्याला वा मांडीला पकड बसते. खो-खोत खांबाशी शरीर एकदम फिरवावे लागते. कुस्तीत गुडघा पिळला जातो. क्रूसाकार अस्थिबंध तुटण्यास हीच परिस्थिती अनुकूल असते. गावच्या मैदानाच्या कडेला अधिछात्र उभा नसतो. 'लचक भरली' म्हणून पाय चोळला जातो, सूज उतरते, मुलगा पुन्हा खेळतो, आणि अस्थिर गुडघ्यात कूर्चाही फाटते. शल्यज्ञापर्यंत पोचेतो पहिली दुखापत जुनी झालेली असते. २०१४ पासून कबड्डीला व्यावसायिक स्वरूप आले. परंतु त्या झगमगाटातील काही मोजक्या खेळाडूंमागे तालुक्यातालुक्यांतून खेळणारी हजारो मुले आहेत.

अशा मुलाच्या बाबतीत विवेकाचा प्रश्न अधिकच बिकट होतो. शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः नऊ महिन्यांच्या आसपास, नियमित व्यायामोपचार घेऊनच खेळाकडे परतणे इष्ट समजले जाते. तो उपचार त्याच्या गावाजवळ उपलब्ध नसेल तर उत्तम हाताने बसविलेली कंडराही त्याला फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून येथील अधिछात्राच्या शिक्षणात गुडघ्याबरोबरच गावापासूनच्या अंतराचाही विचार यावा लागतो.

७

सारांश, क्रीडा-अस्थिशल्यविद्येतील अधिछात्रवृत्ती ही टोकियोच्या शल्यगृहातील उपकरणविद्या आणि अमेरिकेच्या मैदानांवरील रुग्णविद्या यांच्या संगमातून निर्माण झाली. पहिली विद्या यादीत बसली, परीक्षेत बसली, आणि म्हणून झपाट्याने पसरली. दुसरी गुरूच्या सहवासातच अधिक राहिली, आणि शतकाच्या वळणावर झालेल्या प्रयोगांनी तिची उणीव उघडी केली. अधिछात्रवृत्तीचे ते अधिकचे वर्ष पुढे कोणते वळण घेईल हे, केंद्रांत किती संधिदर्शक आहेत यापेक्षा, तेथील गुरू आपल्या शिष्यासमोर किती वेळा हात आखडता घेतात आणि त्याचे कारण त्याला समजावून सांगतात, यावर अधिक अवलंबून राहील. योग्येविना शास्त्र अपुरे, हे प्राचीनांनी सांगितलेच आहे. विवेकाविना योग्याही अपुरीच, हे या अर्वाचीन इतिहासाचे सांगणे आहे.